उत्तर काठावरची निळी गाडी

आर्वीहून वर्ध्याला निघालेली एसटी खरांगण्याच्या अलीकडे बंद पडली, आणि तिने मुहूर्तही असा साधला की वर आभाळ नेमकं तेव्हाच फाटलं. पौष महिना, थंडीचे दिवस, पावसाचं काहीएक काम नव्हतं. पण अवकाळी पाऊस आणि न कळवता येणारे पाहुणे, दोघांनाही 'का आलात' विचारायची सोय नसते.

कंडक्टरने हात झटकले. जाणते प्रवासी मिळेल त्या ऑटोत कोंबून निघून गेले. मागे राहिली पौर्णिमा. खांद्याला सॅक, एका हातात ट्रायपॉड, दुसऱ्या हातात दुर्बिणीची पेटी, आणि छत्री धरायला तिसरा हात देवानेही दिलेला नाही.

पौर्णिमा वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेची. हिवाळ्यात धरणांवर उतरणारे पाणपक्षी मोजायचे, ही तिची नोकरी. पगार देऊन बदकं मोजायला लावणारं ऑफिस असतं, हे तिच्या वडिलांना, भैयाजींना, अजून पुरतं पटलेलं नव्हतं.

तेवढ्यात एक निळी गाडी येऊन थांबली. लांबट, दोन्ही बाजूंना मोठाल्या काचा, काचांना आतून फुलाफुलांचे पडदे. चालकाच्या खिडकीतून एक सावळा चेहरा बाहेर आला. तिशीचा असेल. डोळे शांत, आणि दाढी करायचं तीन दिवसांपासून राहून गेलेलं.

"वर्ध्याले जाऊन राह्यले का, मॅडम?"

"नाई. म्हणजे हो. पण मी थांबते. दुसरी बस येईन."

"थांबा," तो म्हणाला. "सामान तेवढं आत ठेवा, भिजून राह्यलं. मी बी थांबतो."

आग्रह करणाऱ्यांसाठी पौर्णिमाकडे नकार तयार असायचे. पण सोबत थांबतो म्हणणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने उतरून मागचं दार उघडलं आणि ती बघतच राहिली. आत लाकडी ओटा, ओट्यावर छोटी शेगडी, बशीएवढं सिंक, एका बाजूला पलंग, पलंगाखाली कप्पे, कोपऱ्यात पितळेची छोटी बुद्धमूर्ती. एक अख्खा संसार काड्यापेटीत बसवावा तसा बसवलेला.

"हे... काय आहे?"

"घर."

"आणि गाडी?"

"ते बी हेच."

त्याने आलं ठेचून चहा टाकला. नाव सांगितलं, राकेश. आर्वीचा. ही गाडी त्याने स्वतः, एकेक फळी कापून तयार केली होती. फिरायला जाणाऱ्यांना भाड्याने द्यायची होती. अजून गिऱ्हाईक असं मिळालं नव्हतं.

"एवढी चांगली गाडी, अन् गिऱ्हाईक नाई? काऊन?"

राकेश साखर ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती. "लोकाईले सवय नाई अशा गाडीची," तो म्हणाला. मग पटकन विषय बदलल्यासारखा हसला. "तुमी मात्र लय प्रश्न विचारता. माह्या गाडीत बसणारं माणूस बोलत नाई फारसं. बरं वाटून राह्यलं."

सिंकच्या वर एक चित्र चिकटवलेलं होतं. काळेकभिन्न कडे, खाली खवळलेला राखाडी समुद्र, आणि कड्याच्या अगदी काठाने जाणाऱ्या रस्त्यावर एक इवलीशी पांढरी गाडी. पौर्णिमाने कप ओट्यावर ठेवला.

"हा स्कॉटलंडचा उत्तर किनारा आहे."

आता चकित व्हायची पाळी त्याची होती. "तुमाले कसं माहीत?"

"मी पाह्यते ना ते व्हिडिओ. रोज, झोपायच्या आधी. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, अन् सकाळी दार उघडलं की समोर समुद्र..."

"...अन् वाटेत मेंढ्या," तो म्हणाला.

"अन् वाटेत मेंढ्या."

पावसाने टपावर ताशा लावला होता.

"तिकडं जायले व्हिसा लागते," शेवटी तो म्हणाला. "पैसा लागते."

पौर्णिमाच्या डोक्यात कधीपासून घोळत असलेलं एकदम जिभेवर आलं. आर्वीपलीकडच्या मोठ्या धरणाचा उत्तर काठ तिला मोजायचा होता. दक्षिणेला गावं होती, शेतं होती, डांबरी रस्ता होता. उत्तरेला नुसता काळा खडक, घळी, सागाचं रान आणि बैलगाडीची वाट. राहायला छप्पर नाही, म्हणून त्या काठावरची बदकं आजवर कुणी धड मोजलीच नव्हती.

"धरणाच्या उत्तर काठानं जाईन का ही गाडी?"

"जाईन की. तिथी काय लागते? व्हिसा?"

"तिथी आत्या लागते," पौर्णिमा म्हणाली.

---

आत्या म्हणजे जिजाबाई. समुद्रपूरला राहायची. दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, सगळ्यांना धाकात ठेवून उरलेला वेळ माहेरच्या कारभारात घालणारी. परक्या मुलासोबत पोरगी तीन दिवस रानात जाणार म्हटल्यावर भैयाजींनी फोन करायच्या आत तिची पिशवी भरून झाली होती. पिशवीत ठेचा, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि शंका होत्या.

"जय भीम, आत्या," राकेश वाकून म्हणाला.

"जय भीम. गाडी उलटत तं नाई ना?"

"नाई."

"अन् तू?"

राकेशला हसू आवरेना. आत्याला पोरगा तिथेच निम्मा आवडला. उरलेला निम्मा तिने तपासणीसाठी राखून ठेवला.

आर्वी सुटली आणि एक नवल सुरू झालं. रस्त्याच्या कडेने जाणारा एक म्हातारा गाडी पाहून थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. पुढे कापूस वेचून परतणाऱ्या बाया एका ओळीत उभ्या राहिल्या. त्यांनीही हात जोडले. मोटारसायकलवरचा एक तरुण तर गाडी बाजूला घेऊन, मान खाली घालून उभा राहिला.

"पाह्यलं का, पौर्णिमा," आत्या खिडकीतून पुढाऱ्यासारखे नमस्कार परत करत म्हणाली. "आर्वीच्या लोकाईले किती रीतभात हाय. आपल्या वर्ध्यात कोणी वळून पाह्यत नाई."

"राकेशले ओळखत असतील," पौर्णिमा म्हणाली.

राकेश समोर बघत होता. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली होती, पण ते तिला दिसलं नाही. तिला दिसला तो त्याच्या कानामागचा लाल रंग, आणि तिने आपल्या सोयीने त्याला लाजरा ठरवून टाकलं.

एका फाट्यावर चहाला थांबले. टपरीवर चार माणसं पत्ते खेळत होती. गाडी दिसताच पत्ते पालथे पडले, रेडिओ बंद झाला. चहावाल्याने न बोलता कप भरून दिले आणि पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "राहू द्या, बाई. अशा वेळी पैसे घेत नसतात." अशा वेळी म्हणजे कशा वेळी? पौर्णिमा विचारणार होती, तोवर राकेशने गाडी सुरूसुद्धा केली होती.

"थंडीच्या वेळी," आत्याने परस्पर निकाल लावला.

मग उत्तर काठ लागला आणि पौर्णिमा बाकी सगळं विसरली. डोळे पुरणार नाहीत एवढं पाणी, पलीकडचा तीर धुक्यात बुडालेला. अलीकडे काळ्या खडकांचे सरळ तुटलेले कडे, त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा, खडकाच्या फटीत मूळ रोवून वाकडे वाढलेले साग. वारा असा की बोललेलं तोंडातच परत यावं. बैलगाडीची वाट कड्याच्या काठाने कधी वर चढायची, कधी घळीत उतरून नाहीशी व्हायची. राकेश गाडी अशी चालवायचा की ओट्यावरच्या कपातला चहा हिंदकळत नसे.

"आला आपला उत्तर समुद्र," तो म्हणाला.

"मेंढ्या कुठी आहेत?"

त्याने बोट दाखवलं. घळीत एका धनगराच्या मेंढ्या खरोखरच चरत होत्या. पौर्णिमा इतकी हसली की आत्याने मागून डोकं काढून विचारलं, काय झालं.

पक्षीही भरपूर होते. उत्तरेकडून डोंगर ओलांडून आलेले पट्टकदंब हंस, आणि खडकाखडकावर नारिंगी चक्रवाक, जिथे पाहावं तिथे दोन-दोन.

"हे जोडीनंच काऊन राह्यतात?" आत्याने विचारलं.

"त्याईच्यात तशी रीत आहे," पौर्णिमा दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली.

"चांगली रीत आहे," राकेश हळूच म्हणाला. तिने दुर्बीण उगाचच फिरवली.

दुपारी पुन्हा भुरभुर सुरू झाली. राकेश गाडीतून छत्री घेऊन धावत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. छत्री त्याने तिच्या डोक्यावर धरली नाही, दुर्बिणीवर धरली. स्वतः भिजला, तिला भिजू दिलं आणि दुर्बीण कोरडी ठेवली. आजवर ज्यांनी ज्यांनी पौर्णिमावर छाप पाडायचा प्रयत्न केला होता, त्यांच्यापैकी एकालाही हे सुचलं नसतं. तिचं मन तिथे त्या भुरभुरीत, काही न विचारता, घसरलं.

संध्याकाळी आत्या गाडीत भाकरी थापत होती. ती दोघं कड्यावर बसली होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती जागा जणू आत्यासाठीच होती.

"तुमचं लग्न..." राकेशने सुरुवात केली आणि वाक्य वाऱ्यावर सोडून दिलं.

"साक्षगंध झालतं, अंगठ्या घालून. दोन वर्षांपूर्वी," पौर्णिमा म्हणाली. "हॉलही ठरलता. मंग समजलं का त्यानं नागपूरले आधीच नोंदणी करून लग्न केलं आहे. त्याच्या घरी सगळ्याईले माहीत होतं. फक्त मले माहीत नव्हतं." तिने एक खडा पाण्यात टाकला. "तेव्हापासून माझं एकच आहे, राकेश. मले वाईट ऐकायले चालते. उशिरा ऐकायले नाई चालत."

राकेशने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पौर्णिमाजी, मले तुमाले एक..."

ती हातातला दुसरा खडा टाकायची राहिली.

"राकेश," गाडीतून आत्याची हाक आली, "हा तुहा नळ बंदच होऊन नाई राह्यला. सारं पाणी चाललं."

राकेश उठून धावला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ती सुटका होती की निराशा, हे पौर्णिमाला कळलं नाही. त्या रात्री आत्या पलंगावर निवांत घोरत होती, राकेश बाहेर ताडपत्रीखाली झोपला होता, आणि पौर्णिमा फळीवरच्या आपल्या गादीवर एका अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग निरनिराळ्या तऱ्हांनी पूर्ण करून पाहत होती. सगळ्या तऱ्हा गोड होत्या.

---

खरा अर्धा भाग तिला तिसऱ्या दिवशी सकाळी कळला.

कड्याच्या एका वळणावर पाच-सात घरांची वस्ती होती. वाटेत एक ट्रॅक्टर चाकं गाडून चिखलात फसलेला, आणि बाजूला माणसं डोकं धरून उभी. निळी गाडी दिसताच त्यातला एक तरुण चिखल तुडवत धावत आला. डोळे सुजलेले. त्याने खिडकीतून आत हात घालून राकेशचा हात धरला.

"राकेशभाऊ... तुमाले कोणं सांगतलं? आमी तं टेकडीवर चढून, रेंज पाहून, अजून फोनच लावून राह्यलतो."

"काय झालं, गोपाल?"

"आजी गेली, पहाटे. मनकर्णाबाई." त्याने धरणाकडे बोट केलं. "जुनं गाव जिथी पाण्यात गेलं ना, तिथंच वरच्या टेकडीवर नेजो म्हणे मले, आजोबाच्या बाजूले. आर्वीची नवी गाडी तं नाई म्हणते, रस्ता खराब हाय म्हणे. ट्रॅक्टर हा असा फसला. अन् तुमीच आले. आजोबाले बी तुमीच नेलतं, याच गाडीत."

याच गाडीत.

पौर्णिमाच्या हातातला कप कलंडला. चहा मांडीवर सांडला, पण तो गरम आहे हेही तिला जाणवलं नाही. टोपी काढणारा म्हातारा. ओळीत उभ्या राहिलेल्या बाया. पालथे पडलेले पत्ते. अशा वेळी पैसे घेत नसतात. तीन दिवस सगळा मुलूख त्यांच्या गाडीला नाही, गाडीतल्या मयताला हात जोडत होता. आणि मयत म्हणून आत कोण होतं, तर ती आणि नमस्कार परत करणारी आत्या.

गोपालने आता कुठे नीट पाहिलं. फुलांचे पडदे. समोर बसलेली, पांढरीफटक पडलेली मुलगी. तो हात सोडून एक पाऊल मागे सरला.

"भाऊ... ही तीच गाडी हाय ना? का मीच चुकलो?"

राकेशने पौर्णिमाकडे पाहिलं. 'नाही' म्हणणं किती सोपं होतं. नाही रे, ही वेगळी, ही फिरायची गाडी. गोपाल दुःखात होता, त्याने मान डोलावली असती. तीन दिवसांत जे काही जमून आलं होतं ते जसंच्या तसं राहिलं असतं. राकेशलाही ते कळत होतं. त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं.

"तीच हाय," तो म्हणाला. "तू घरी हो. गाडी खाली करून आणतो मी."

गोपाल गेला. राकेश तिच्याकडे वळला. "पयल्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं. नाई सांगतलं. चूक माही हाय." एवढंच म्हणाला. पुढे एकही 'पण' जोडला नाही.

मागचं दार उघडलं आणि हातात कंगवा घेतलेली आत्या खाली उतरली. तिने सगळं ऐकलं होतं.

"राकेश. म्हणजे मी दोन राती... जिथी झोपली..."

"हो, आत्या. जागा तीच. पलंग नवा हाय."

आत्या शेजारच्या दगडावर मटकन बसली. "आपण भूतखेत मानत नाई," ती दगडाला म्हणाली. "बिलकुल मानत नाई." तिने कंगवा केसांत खोचला. "पण माणसानं सांगाले पाह्यजे का नाई?" मग तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य पसरलं. "अन् झोप तं अशी लागली, बाप्पा, तशी मले समुद्रपूरले बी लागत नाई."

पौर्णिमा तिथे थांबलीच नाही. ती तडातडा कड्याच्या टोकापर्यंत गेली. पुन्हा तेच. पुन्हा साऱ्या जगाला माहीत, फाट्यावरच्या चहावाल्याला माहीत, आणि शेवटी कळणारी ती. मयताच्या गाडीची तिला भीती वाटत नव्हती, किळसही नव्हती. राग होता. राग यासाठी की परवा कड्यावर बसून तिने आपली दुखरी जागा बोट ठेवून दाखवली होती, आणि त्याने ती पाहिली होती.

मागे वळून पाहिलं तेव्हा राकेश एकटाच गाडी रिकामी करत होता. शेगडी काढली. भांडी काढली. गादी एकट्याच्याने दारातून निघत नव्हती. तो ओढत होता, ती अडत होती.

पौर्णिमाला तो नागपूरचा मुलगा आठवला. कागदावरची सही समोर ठेवली तरी तो म्हणत होता, ही माझी नव्हे. त्याला पकडावं लागलं होतं. याला कोणी पकडलं नव्हतं. उलट सुटायला दार उघडं होतं, आणि तिच्या डोळ्यांदेखत याने ते स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं. कशासाठी? कुणाच्या तरी आजीला टेकडीवर जायचं होतं म्हणून.

राग गेला नाही. पण पाय परत फिरले.

"इकडचं टोक मी धरते," ती म्हणाली. "तिकडचं तुमी धरा."

"पौर्णिमा..."

"बोलू नका. मी रागात आहे."

गादी निघाली. तिने पडदे काढून घडी घातले, कपडे झाडाखाली नेऊन ठेवले, पलंगाचे बोल्ट त्याने खोलले तेव्हा फळी धरून उभी राहिली. आत्या कधीच वस्तीतल्या बायांत जाऊन बसली होती आणि आयुष्यात न पाहिलेल्या मनकर्णाबाईसाठी मनापासून रडत होती.

टेकडीपर्यंत पौर्णिमा पुढे बसली. मागे गोपाल होता, वस्तीतली चार म्हातारी माणसं होती, आणि मध्ये फुलांखाली एक लहानसं, सुकलेलं शरीर. राकेश प्रत्येक खड्डा ओळखून, हळूच चाक उतरवून, हळूच चढवून चालवत होता. तीन दिवस कपातला चहा का हिंदकळला नाही, ते तिला आत्ता कळलं. ज्यांना धक्का लागला तरी सांगता येत नाही, अशांना न्यायची त्याला सवय होती.

---

सगळं आटोपून माणसं धरणाच्या पाण्यात उतरली. राकेश आंघोळ करून वर आला तेव्हा दात वाजत होते. पौर्णिमाने तीन दगडांवर चहा ठेवला होता. तिने कप पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी धरला.

"राग गेला?"

"नाई."

"बरं," तो म्हणाला आणि शहाण्यासारखा चहा पीत राहिला.

"काऊन नाई सांगतलं?"

"पयल्या दिवशी वाटलं, वर्ध्यापर्यंतच तं बसणार, काय सांगाचं. मंग वाटलं, सांगतलं का ही उतरून जाईन." तो थांबला. "मंग... उतरून जाऊ नये असं वाटाले लागलं. तिथून बोलणंच जमलं नाई."

पौर्णिमाने काडीने निखारे सारखे केले.

"आर्वीच्या एका मंडळाची गाडी होती ही," तो सांगू लागला. "मी चालवत होतो. मंडळानं नवी घेतली, ही भंगारात चालली. माह्यानं पाहवलं नाई. आयुष्यभर हिनं लोकाईले एकाच जागी नेलं. म्हटलं, हिले कुठीतरी फिरवू. समुद्र दाखवू." तो ओशाळं हसला. "पोरगी पाहाले जातो ना, तं लोक चहा देतात. पण गाडी गल्लीच्या बाहेर लाव म्हणतात."

तिला हसायचं नव्हतं. ओठांनी ऐकलं नाही.

दुपार कलल्यावर सामान पुन्हा गाडीत चढलं. आत्याने पलंगाकडे एकदा पाहिलं, एकदा बाहेरच्या खडबडीत दगडाकडे पाहिलं, आणि पलंगावर जाऊन टेकली. परतीची वाट कड्याच्या काठाकाठानेच होती. पाणी तांबूस झालं होतं आणि चक्रवाक थव्याने उठत होते. रान संपत आलं तशी फोनला रेंज आली, आणि रेंजपाठोपाठ भैयाजी आले.

"कुठी आहा?" लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज गाडीभर घुमला. "दोन दिवस फोन नाई. अन् मी काय ऐकून राह्यलो? आर्वीच्या बाजारात कोणी म्हणे का ते निळी गाडी... कोणाची गाडी हाय ते?"

आत्या मागून तिच्या कानाशी आली. "टुरिस्टची हाय म्हण," ती कुजबुजली. "बाकीचं घरी गेल्यावर मी पाह्यते."

राकेशने गाडी हळू केली.

"काका, जय भीम. मी राकेश बोलून राह्यलो," तो म्हणाला. "गाडी माही हाय. पयले ही मयताची गाडी होती, मीच चालवत होतो. आज बी एका आजीले नेलं हिच्यात. पौर्णिमाले मी हे सांगतलं नव्हतं. तिले आज समजलं. मी बोलाले पाह्यजे होतं, नाई बोललो."

पौर्णिमाला वाटलं, रेंज गेली. मग भैयाजींचा आवाज आला, पण राकेशसाठी नाही.

"जिजा, तू हाय का तिथी?"

"हाव, दादा."

"तू झोपली कुठी?"

"गाडीतच."

"मंग?"

"मस्त झोपली, दादा. खोटं काऊन बोलू."

भैयाजी खाकरले. "पौर्णिमा, फोनचं ते लाउडचं बंद कर अन् कानाले लाव. मले तुले एक विचाराचं हाय."

पौर्णिमाने बटणाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूला तिने मुद्दामच पाहिलं नाही.

"राहू द्या चालू, बाबा. विचारा."

"हा पोरगा... कसा हाय?"

"त्याले तुमी गाडीचं विचारलं, त्यानं खरं सांगतलं," ती म्हणाली. "मी बी खरं सांगते. मले तो पसंत आहे, बाबा. त्याले हे अजून मी सांगतलं नाई."

गाडी एकदम आचका देऊन थांबली. ओट्यावरचा कप घरंगळत खाली गेला आणि दाराशी जाऊन आपटला.

"आता काऊन थांबवली?" आत्याने मागून विचारलं.

राकेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तो समोरच्या काचेतून कुठेही न बघता बघत होता.

"हात कापून राह्यले, आत्या," तो म्हणाला.

पौर्णिमाने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. फोन तिच्या मांडीवर तसाच चालू होता, आणि पलीकडून भैयाजी दोनदा हॅलो म्हणाले.